घोड्याच्या खुरांतील नौकास्थिरोग : परीक्षा व उपाय

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत शेतीच्या कामाला घोडें जुंपण्याची चाल नाहीं. तथापि घोड्याचा व आमच्या शेतकरी घरांचा संबंध तुटलेला नाहीं. चैत्र-वैशाखांत ग्रामदैवतांच्या यात्रा भरूं लागल्या म्हणजे येडगांवासारख्या कुकडीकांठच्या गांवांतून बैलगाडे घाटाकडे निघतात, आणि आपल्या भागाच्या रीतीप्रमाणें गाड्याच्या बैलांपुढें स्वार बसलेली घोडी पळते. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं ह्या शर्यतींस मनाई केली; १६ डिसेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रांत त्या अटींवर पुन्हां सुरू झाल्या; आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा कायम ठेवला. घाट पुन्हां भरूं लागले आहेत, आणि त्याबरोबर घोडीच्या पायांचा प्रश्नही पुन्हां दारांत उभा राहिला आहे.

बैलांच्या खुराकाविषयीं व निगेविषयीं आपल्याकडे जितकें ज्ञान आहे, तितकें घोडीच्या पायांविषयीं नाहीं. चांगली पळणारी घोडी आठव्या-दहाव्या वर्षीं पाऊल आखडतें घेऊं लागते, मधूनच अडखळते, चार दिवस बांधून ठेविली तर बरी वाटते आणि पुन्हां घाटांत नेली कीं तोच प्रकार करते. अशा वेळीं कोणी म्हणतो खांदा धरला, कोणी म्हणतो दृष्ट लागली, आणि पुष्कळजण घोडी आळसावली असें ठरवून चाबूक हातीं घेतात. आमचें म्हणणें असें कीं, ह्या घोडीचा पुढचा खूर प्रथम उचलून पाहावा. तिचें दुखणें पुष्कळदां खुराच्या मागील भागांत, एका बोटाएवढ्या हाडापाशीं असतें. हें वेळीं ओळखणें केवळ घोडीच्या किंमतीसाठीं अवश्य आहे असें नव्हे. गाड्यापुढें पळणारी घोडी अडखळून पडली तर मागचे बैल व गाडा तिच्या स्वाराच्या अंगावर येतात, आणि तो स्वार बहुधा आपल्याच गांवचा कोणाचा तरी तरुण मुलगा असतो.

खुराच्या आंतील रचना

खुराच्या कठीण कवचाच्या आंत खुराच्याच आकाराचें एक हाड असतें. वरचें आखूड हाड त्यास जेथें सांधलेलें आहे, तेथें सांध्याच्या मागील अंगास एक लहानसें आडवें हाड बसविलेलें असतें. त्याचा आकार होडीसारखा म्हणून त्यास नौकास्थि म्हणतात; इंग्रजींतील नॅव्हिक्युलर ह्या नांवाचा अर्थही तोच आहे. पायाच्या मागील बाजूनें उतरणारी जाड कंडरा ह्या हाडाच्या खालून वळसा घेऊन खुराच्या हाडास जाऊन चिकटते, आणि दोहोंमध्यें वंगणासारख्या द्रवानें भरलेली एक चपटी पिशवी असते.

मोट आतां विहिरींवरून नाहींशी झाली असली तरी वडीलधाऱ्या वाचकांस ती आठवत असेल. मोटेचा नाडा जसा चाकावरून वळतो, तशी ही कंडरा नौकास्थीवरून वळते. चाक गुळगुळीत व वंगण घातलेलें असेल तोंवर नाडा वर्षानुवर्षें टिकतो. चाकाला खांचा पडल्या कीं नाडा झिजून त्याचे धागे सुटूं लागतात, आणि नाडा वेड्यावांकड्या ओढीनें चालला कीं चाकही झिजतें. नौकास्थिरोगांत नेमकें हेंच घडतें. हाडाचा पृष्ठभाग खडबडीत होतो, आंत पोकळ्या पडतात, कंडरेचे तंतु विस्कटतात, कधीं कंडरा हाडालाच चिकटते, आणि प्रत्येक पावलाला वेदना होते.

हा भार किती असतो याचा अंदाज वाचकांनीं करून पाहावा. चारशें किलो वजनाची घोडी स्वस्थ उभी असतां शंभरांत सुमारें साठ हिस्से भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे प्रत्येक पुढच्या खुरावर सुमारें १२० किलो. भरधाव पळतांना एका पायावर क्षणभर देहाच्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार पडतो. म्हणजे ज्वारीचीं दहा पोतीं त्या एका खुरावर आलीं, आणि तेंही स्वाराचें वजन न धरतां. हा रोग बहुतेक पुढच्याच पायांत, आणि बहुधा दोन्हीं पायांत कां होतो, हें यावरून कळून येईल.

रोगाचीं कारणें

हा रोग सांसर्गिक नाहीं आणि एका दिवसांत होत नाहीं. साधारणपणें सातव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान तो दिसूं लागतो. मोठें अंग व त्या मानानें लहान खूर अशी ज्यांची ठेवण, त्यांस तो लवकर होतो. थरोब्रेड जातींत व तिच्या संकरांत तो पुष्कळ, तर लहान तट्टांत व अरबी घोड्यांत क्वचित् आढळतो. शर्यतीच्या मैदानावरून उतरलेलें उंच जनावर घाटासाठीं घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. खुराची ठेवण आनुवंशिक असल्यामुळें ह्या रोगानें लंगडी झालेली घोडी निरुपयोगी म्हणून पैदाशीस लावणें हेंही शहाणपणाचें नव्हे.

परंतु जन्मजात ठेवणीपेक्षांही आपल्या हातचीं कारणें अधिक महत्त्वाचीं आहेत. पहिलें, खुराचें टोक लांब वाढूं देणें व टाच खरवडून खालीं नेणें. असें केलें म्हणजे पाऊल उचलतांना खूर उशिरां उलटतो आणि कंडरेची ओढ त्या हाडावर अधिक वेळ व अधिक जोरानें बसते. दुसरें, नाल लहान घेऊन खूर त्याच्या मापाला कानशीनें घासणें; यानें टाचा आंत आवळल्या जातात. तिसरें, खुराच्या तळाशीं मागील अंगास जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो व ज्यास पुतळी म्हणतात, तो स्वच्छतेच्या नांवाखालीं कोरून काढणें. पुतळी ही धक्का सोसणारी गादी आहे; ती कोरणें म्हणजे गाडीच्या कमानी काढून टाकणें होय. चौथें, दहा महिने घोडी खुंट्याला बांधून हरभरा व गूळ चारणें आणि चैत्रांत दगडासारख्या तापलेल्या जमिनीवर एकदम भरधाव सोडणें.

लक्षणें

रोगी घोडी उभी असतां एक पुढचा पाय पुढें टाकून त्याची टाच हलकी ठेवते. दोन्ही पाय दुखत असतील तर आळीपाळीनें पाय बदलते. दमलेली घोडी मागचा पाय सैल सोडून उभी राहते, तें स्वाभाविक आहे. पुढचा पाय पुढें टाकून उभें राहणें स्वाभाविक नव्हे.

चालतांना ती टाच वांचविते. निरोगी घोडें खूर सपाट किंवा किंचित् टाचेवर टेकतें. ही घोडी टोक आधीं टेकते. म्हणूनच ती अडखळते, आणि नालाचें पुढचें टोक लवकर झिजतें. पाऊल आंखूड पडतें. एकच पाय अधिक दुखत असेल तर तो टेकतांना डोकें वर जातें व चांगला पाय टेकतांना खालीं येतें. दोन्हीं पायांची वेदना सारखी असेल तर डोकें हालत नाहीं, केवळ चाल खुंटते. आणि याच कारणानें लोक खांदे आखडले असें समजून खांद्यांना लेप लावीत बसतात. कठीण जमिनीवर व वळणावर लंगडणें वाढतें, नांगरलेल्या शेतांत कमी होतें. रोग जुना झाला म्हणजे खूर उभट व अरुंद होतो, टाचा जवळ येतात आणि पुतळी सुकते.

घरीं करावयाची परीक्षा

घोडी सकाळीं, कामाला लावण्यापूर्वीं पाहावी. सपाट कठीण जागेवर तिला सैल दोरानें चालवावी व नंतर दुडक्या चालीनें न्यावी. एकानें बाजूला बसून केवळ खुरांकडे पाहावें. हल्लीं मोबाइलवर संथ गतीचें चित्रण घेतां येतें, त्यांत टोक आधीं टेकतें कीं टाच हें स्पष्ट दिसतें. मग सुमारें दहा पावलें रुंदीच्या वर्तुळांत उजवीकडून व डावीकडून फिरवावी. ह्या रोगांत वर्तुळाच्या आंतल्या अंगाचा पाय बहुधा अधिक लंगडतो, म्हणून दिशा बदलली कीं लंगडणारा पायही बदलतो. शेवटीं हीच परीक्षा मऊ जमिनीवर करून फरक पाहावा.

तथापि खुरांत दुखणें दिसलें कीं तें नौकास्थीचेंच असें धरून चालूं नये. खुरांत पू झाला असेल तर लंगडणें एका रात्रींत येतें, घोडी पाय टेकवीत नाहीं, खूर गरम लागतो व खुराच्या वरच्या बाजूची नाडी जोरानें उडते. नौकास्थिरोग महिनोन् महिने हळूहळू वाढतो आणि खूर बहुधा गरम नसतो. नाल मारल्यावर दोन-तीन दिवसांत लंगडणें आलें तर एखादा खिळा जिवंत भागांत गेला असें समजून तो प्रथम काढवावा. पुतळीच्या खांचांतून काळा, दुर्गंधी स्राव येत असेल तर ती पावसाळ्यांतील चिखलाची कुजण होय. अति दाणा खाऊन खूर भरले असतील तर घोडी भार मागें टाकून टाचेवर उभी राहते व टाच आधीं टेकते. नौकास्थिरोगाची घोडी टोक आधीं टेकते. हा एक भेद ध्यानांत ठेविला तरी पुष्कळ घोटाळा टळेल.

पशुवैद्याची परीक्षा

पशुवैद्य खुराच्या मोठ्या चिमट्यानें तळवा ठिकठिकाणीं दाबून पाहतो. पुतळीच्या मध्यभागावर दाब दिला असतां घोडी पाय ओढून घेते कां, हें त्यांत महत्त्वाचें. दुसरी परीक्षा पाचरीची. दुखऱ्या खुराचें टोक लांकडी पाचरीवर चढवून दुसरा पाय सुमारें मिनिटभर उचलून धरतात व लगेच घोडी दुडकी चालवितात. कंडरा ताणली गेल्यामुळें लंगडणें वाढलें तर संशय बळावतो.

सर्वांत उपयोगी परीक्षा मज्जातंतु बधिर करण्याची आहे. खुराच्या मागील बाजूस दोन्हीं अंगांनीं उतरणाऱ्या मज्जातंतूंजवळ भूल देणारें औषध अगदीं थोडें टोंचतात व पांच-दहा मिनिटांनीं घोडी पुन्हां चालवून पाहतात. एका पायाचें लंगडणें थांबून तें दुसऱ्या पायांत उघड झालें, तर दोन्हीं पायांत दुखणें आहे हें ठरतें. मात्र ह्या टोंचणीनें तळव्याचा बराच भाग व खुराचा सांधाही बधिर होतो. म्हणून लंगडणें थांबलें एवढ्यावरून नौकास्थिच दोषी असा निर्णय करतां येत नाहीं. त्याकरितां क्ष-किरणांचीं चित्रें घ्यावीं लागतात. चित्रांचाही अर्थ बेतानें लावावा. कांहीं निरोगी घोड्यांच्या हाडांतही खांचा दिसतात, आणि कंडरेची इजा क्ष-किरणांत मुळींच दिसत नाहीं. लक्षणें, भुलीची परीक्षा व चित्र या तिन्हींचा मेळ बसला म्हणजेच निदान पक्कें समजावें. गांवच्या दवाखान्यांत ही सोय नसेल तर मुंबईस परळ येथील १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय, किंवा आपणांस अधिक जवळचें सातारा जिल्ह्यांतील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, यांचा सल्ला घ्यावा.

उपाय

झिजलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं. तसें वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु वेळीं ओळखून निगा राखिली तर पुष्कळ घोडीं हलक्या कामाला कित्येक वर्षें चालतात.

पहिला व मुख्य उपाय नालबंदाच्या हातीं आहे. बाजूनें पाहिलें असतां खुराची पुढची कड व खुराच्या वरील आखूड भागाची कड एका सरळ रेषेंत यावी; टोक लांब असेल तर ही रेषा मोडलेली दिसते. टोक आंखूड करावें, टाच राखावी. नाल खुराच्या मापाचा, पुढें गोलाई दिलेला, व मागें टाचेच्या पलीकडे थोडा पोंचणारा असावा. मागील दोन्हीं टोकें जोडलेला अंडाकृति नाल पुष्कळांस मानवतो. टाचेखालीं पाचर देऊन ती सहा अंशांनीं उंच केली असतां नौकास्थीवरील दाब सुमारें एकचतुर्थांशानें कमी होतो असें मोजून आढळलें आहे. पण पाचर सदैव ठेविली तर टाचच चेपते, म्हणून ती पशुवैद्याच्या सल्ल्यानें व ठराविक काळच वापरावी. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागें मारूं नयेत. टाच पावलागणिक थोडी फांकली पाहिजे, आणि खिळ्यांनीं ती जखडली जाते. चार ते सहा आठवड्यांनीं नाल काढून खूर पुन्हां बेतावा. खुराचें टोक महिन्याला सुमारें आठ ते दहा मिलिमीटर वाढतें. पुढचा भाग नवा येण्यास वर्षाचा काळ लागतो. एका नालबंदीनें गुण आला नाहीं म्हणून नालबंद बदलीत फिरणाऱ्यानें हा हिशेब पाहावा.

दुसरा उपाय कामाची आंखणी. वेदना अधिक असेल तेव्हां कांहीं आठवडे विश्रांति द्यावी. परंतु विश्रांति म्हणजे खुंट्याला जखडणें नव्हे. रोज मऊ, पण फार खोल नसलेल्या जमिनीवर चालविल्यानें खुरांत रक्त खेळतें. आपल्याकडे कालव्याच्या पाण्यानें भिजणारीं शेतें आहेत. पीक निघाल्यावर वाफसा आलेलें रान ह्या कामाला उत्तम. लहान वर्तुळांत फिरविणें, डांबरी सडकेवर दुडकी चालविणें व बारी संपतांच झटक्यानें वळविणें टाळावें. घोडी लठ्ठ असेल तर दाणा कमी करावा. तिच्या अंगावरून उतरलेल्या प्रत्येक किलोचा भार खुरावरूनही उतरतो.

तिसरा उपाय औषधांचा, व तो पशुवैद्याचाच आहे. फेनिलब्युटाझोनसारख्या औषधानें वेदना व सूज कमी होते. पण प्रमाण चुकलें किंवा तें फार दिवस चाललें तर पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडांस इजा होते. सांध्यांत किंवा त्या पिशवींत औषध टोंचून कांहीं महिने आराम मिळूं शकतो. हाडाची झीज रोखणारीं टिलुड्रोनेट व क्लोड्रोनेट हीं औषधें अमेरिकेंत २०१४ सालीं ह्या रोगाकरितां मान्य झालीं. सर्व घोड्यांस त्यांचा सारखा गुण येत नाहीं. डायक्लोफेनॅक मात्र कोणीं सुचविलें तरी घेऊं नये. तें औषध पोटांत असलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाऊन गिधाडें मरतात. म्हणून २००६ पासून जनावरांसाठीं त्यास बंदी आहे, आणि २०२३ सालीं केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांसही ती लागू झाली.

खुरावर किंवा खांद्यावर डाग देण्यानें ह्या रोगाला कांहीं गुण येत नाहीं. जनावरास एका दुखण्याचीं दोन होतात. अखेरचा उपाय म्हणून मज्जातंतु कापण्याची शस्त्रक्रिया करतात. तिनें बहुधा वर्ष-दोन वर्षें लंगडणें थांबतें, पण रोग आंत चालूच राहतो. खुराला खिळा रुतला तरी त्या घोडीस कळत नाहीं, आणि झिजलेली कंडरा धांवतांना एकाएकीं तुटूं शकते. अशी घोडी घाटांत कधींही उतरवूं नये.

खरेदी करतांना

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत किंवा माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडी घेणाऱ्यानें तिचा रंग व भोंवरे पाहण्यापूर्वीं चारही खूर उचलून पाहावे. दोन्हीं पुढचे खूर एकमेकांशीं मापून घ्यावे. एक अरुंद व उभट असेल तर कारण विचारावें. कठीण जमिनीवर दोन्हीं दिशांनीं वर्तुळांत दुडकी चालवून पाहावी. विकणारा केवळ वाळूंत किंवा मऊ मातींत चाल दाखवीत असेल तर सावध व्हावें. टाचेवरील कातडीस पेनाच्या टोकानें हलकेंच टोंचून पाहावें. दोन्हीं अंगांस मुळींच जाणीव नसेल तर मज्जातंतु कापलेला असण्याचा संभव आहे. वेदना दडपणाऱ्या औषधाचा परिणाम कांहीं दिवस टिकतो, म्हणून पुरी रक्कम देण्यापूर्वीं आठवड्याच्या अंतरानें दुसऱ्यांदा परीक्षा करण्याची बोली करावी. मोठ्या किंमतीचें जनावर असेल तर क्ष-किरण व रक्ततपासणीचा खर्च किंमतीच्या मानानें थोडाच असतो.

शेवटीं एका गोष्टीविषयीं आम्हांस स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. यात्रेच्या आदल्या रात्रीं टोंचणी देऊन लंगडी घोडी उभी करणें व सकाळीं तिच्यावर पोराला बसविणें, ह्याचा मोह कोणासही होऊं शकतो. गांवाचें नांव, वर्गणी, आलेले पाहुणे हीं सर्व त्या वेळीं डोळ्यांपुढें असतात. परंतु वेदना ही घोडीची राखण आहे. ती गेली म्हणजे घोडी दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते, आणि झिजलेली कंडरा तुटायची ती भरधाव वेगांतच तुटते. म्हणून आमची शिफारस अशी : वेदनाशामक औषध न देतां जी घोडी कठीण जमिनीवर दोन्हीं दिशांनीं सरळ दुडकी चालते, तिलाच घाटांत न्यावी. जी चालत नाहीं, तिचा नाल काढवावा, पशुवैद्यास बोलवावें आणि त्या वर्षींची बारी सोडावी. यात्रा पुढल्या चैत्रांत पुन्हां येईल.